सी५एच१० चे समघटक किती, आणि बाटलीतला नेमका कोणता?

बी.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘सी५एच१० (पाच कार्बन, दहा हायड्रोजन) चे एकूण समघटक, म्हणजे सूत्र एकच पण रेणू वेगळे, किती? क्लासच्या नोट्समध्ये ५ आहेत, एका पुस्तकाच्या उत्तरसूचीत ६, दुसऱ्यात १०, आणि मित्र म्हणतो १३. यातलं बरोबर कोणतं? आणि यांपैकी एखादा बाटलीत दिला तर तो कोणता हे प्रयोगशाळेत कसं ओळखायचं?’

चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, एवढंच. फक्त साखळीवाले आणि फक्त जोडणीचा विचार केला तर ५. साखळीवाल्यांत सिस-ट्रान्स (दुहेरी बंधाच्या एकाच किंवा विरुद्ध बाजूंना गट असलेले) वेगळे धरले तर ६. वलयं घेतली, पण पुन्हा फक्त जोडणीच पाहिली तर १०. सगळं, म्हणजे आरशातल्या प्रतिमासुद्धा धरल्या तर १३. कुठेतरी तुम्हाला ११ आणि १२ हेही दिसतील. तेही कुठून येतात ते पुढे सांगतो. यातला कुठलाही आकडा पाठ करू नका. तो हाताने काढता आला पाहिजे, कारण परीक्षेत सूत्र बदलतं आणि कामावर तर सूत्रही कोणी सांगत नाही.

पहिली पायरी नेहमी हायड्रोजनची मोजणी. पाच कार्बनांच्या संपृक्त साखळीला बारा हायड्रोजन लागतात. इथे दहा आहेत, म्हणजे एक जोडी कमी. एक जोडी दोनच प्रकारांनी कमी होते: एक दुहेरी बंध आला किंवा साखळीची दोन टोकं जुळून वलय झालं. तिसरा मार्ग नाही. बरेच जण दुहेरी बंधावर थांबतात आणि अर्धे समघटक तिथेच गमावतात. प्रश्नात ‘अल्कीन’ (दुहेरी बंधवाला) असा शब्द असेल तर वलयं बाजूला ठेवा. नुसतं रेणुसूत्र दिलं असेल तर वलयं घ्यायचीच.

आता दुहेरी बंधवाले. इथे मुलं कागदावर सुचतील तशा रचना काढत सुटतात आणि मग त्यातल्या कुठल्या सारख्या आहेत ते शोधत बसतात. त्यापेक्षा आधी सांगाडे घ्या. पाच कार्बनांचे सांगाडे तीनच: सरळ पेंटेन, एक फांदी असलेला आयसोपेंटेन, आणि मधल्या कार्बनला चारही बाजूंनी कार्बन जोडलेला निओपेंटेन. प्रत्येकात कार्बन-कार्बन बंध चारच. आता एकच प्रश्न विचारायचा: या चार बंधांपैकी खऱ्या अर्थाने वेगळे किती?

सरळ पेंटेनमध्ये पहिला आणि चौथा बंध सारखे, दुसरा आणि तिसरा सारखे. साखळी फिरवली की एक दुसऱ्याच्या जागी जातो. म्हणजे वेगळे दोन, आणि अल्कीनही दोन: पेंट-१-ईन आणि पेंट-२-ईन. आयसोपेंटेनमध्ये फांदीच्या कार्बनला दोन मिथिल (सीएच३) गट आहेत, त्यांचे बंध एकसारखे. उरलेले दोन बंध एकमेकांपेक्षा वेगळे. म्हणजे वेगळे तीन, आणि अल्कीनही तीन: २-मिथिलब्यूट-१-ईन, २-मिथिलब्यूट-२-ईन आणि ३-मिथिलब्यूट-१-ईन. निओपेंटेनमध्ये मधल्या कार्बनचे चारही हात कार्बनांनी अडवलेले. तिथे दुहेरी बंध टाकायचा म्हणजे त्या कार्बनला पाच बंध द्यायचे, ते शक्य नाही. म्हणून तिथे शून्य. दोन अधिक तीन अधिक शून्य, पाच. ही मोजणी एका मिनिटात होते आणि तिच्यात पुनरावृत्तीला जागाच राहत नाही.

तरी कागदावरची गफलत जवळून पाहायला हवी, कारण वहीत ती सारखी सापडते. एका वहीत मी ‘२-इथिलप्रोप-१-ईन’ असं स्वतंत्र नाव पाहिलं होतं. रचना अशी: मधला कार्बन, त्याच्या उजवीकडे दुहेरी बंधाने सीएच२, डावीकडे मिथिल, वर इथिल (दोन कार्बनांचा गट). पेन्सिल मधल्या कार्बनवर ठेवा आणि दुहेरी बंधासकट सगळ्यात लांब साखळी शोधा. सीएच२ पासून मधल्या कार्बनवर, तिथून वर इथिलमध्ये: चार कार्बन. उरला मिथिल, तो दुसऱ्या कार्बनवर. म्हणजे हा आपला जुनाच २-मिथिलब्यूट-१-ईन. ‘३-मिथिलब्यूट-२-ईन’, ‘२-मिथिलब्यूट-३-ईन’, ‘पेंट-३-ईन’ या सगळ्यांची गत तीच. शर्ट उलटा टांगला म्हणून दुसरा शर्ट होत नाही. शंका आली की चित्राकडे बघत बसू नका, नाव लिहा. नियमाने नाव लिहिलं आणि दोन चित्रांना एकच नाव आलं, तर रेणू एकच. नाव लिहायचा कंटाळा असेल तर दुसरी कसोटी: प्रत्येक कार्बनला किती कार्बन जोडलेत आणि कुठल्या प्रकारच्या बंधाने, याची यादी करा. दोन याद्या जुळल्या नाहीत तर रेणू नक्की वेगळे. जुळल्या तर अजून एकदा नीट पाहा, कारण मोठ्या रेणूंत नुसती यादी फसवू शकते.

वलयांचं काम सोपं. मोठ्या वलयापासून लहानाकडे उतरायचं. पाचांचं वलय: सायक्लोपेंटेन, एकच. चारांचं वलय आणि बाहेर एक कार्बन: मिथिलसायक्लोब्यूटेन. मिथिल कुठल्या कोपऱ्यावर काढला याला अर्थ नाही, चारही कोपरे सारखे. तिनांचं वलय आणि बाहेर दोन कार्बन: दोघं एकत्र असतील तर इथिलसायक्लोप्रोपेन, एकाच कोपऱ्यावर सुटे असतील तर १,१-डायमिथिलसायक्लोप्रोपेन, वेगळ्या कोपऱ्यांवर असतील तर १,२-डायमिथिलसायक्लोप्रोपेन. त्रिकोणात १,३ नावाची वेगळी जागा नसते. कुठल्याही दोन कोपऱ्यांना जोडणारी बाजू असतेच. म्हणून एकूण पाच. साखळीचे पाच आणि वलयांचे पाच मिळून दहा रचना समघटक.

इथपर्यंत आपण कोण कोणाला जोडलंय एवढंच पाहिलं. आता अवकाशातली मांडणी. १८७४ मध्ये बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफ या रसायनशास्त्रज्ञाने कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात असं मांडलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेलही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचला. आपल्या मोजणीतले दहाच्या पुढचे सगळे समघटक त्या एका कल्पनेतून येतात.

दुहेरी बंधाभोवती रेणू सहज फिरत नाही. म्हणून दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना जर आपापल्या ठिकाणी दोन वेगवेगळे गट असतील, तर सिस आणि ट्रान्स असे दोन रेणू होतात. अट दोन्ही टोकांना लागू आहे, ‘दोन्ही’ या शब्दाखाली वहीत रेघ ओढा. पेंट-१-ईनच्या एका टोकाला दोन हायड्रोजन आहेत, बाद. दोन्ही मिथिलब्यूट-१-ईन त्याच कारणाने बाद. २-मिथिलब्यूट-२-ईनच्या एका टोकाला दोन मिथिल, बाद. राहिला पेंट-२-ईन. एका टोकाला हायड्रोजन आणि मिथिल, दुसऱ्याला हायड्रोजन आणि इथिल. तोच एक दुप्पट होतो. पाचाचे सहा झाले.

काही जण इथेच थांबतात आणि सहा अधिक पाच ११ असं लिहितात. हा आकडा मात्र अर्धवट आहे, कारण वलयातही बंध फिरत नाही. १,२-डायमिथिलसायक्लोप्रोपेनमध्ये दोन्ही मिथिल वलयाच्या एकाच बाजूला असतील तर सिस, विरुद्ध बाजूंना असतील तर ट्रान्स. दुहेरी बंध नाही म्हणून भौमितिक समघटकता नाही, हा समज इथे सोडून द्यायचा. आता १२ झाले.

तेरावा ट्रान्समधून निघतो. ज्या दोन कोपऱ्यांवर मिथिल आहेत त्यातल्या प्रत्येक कार्बनला चार वेगळे गट आहेत: हायड्रोजन, मिथिल, वलयाचा सीएच२, आणि दुसरा मिथिलवाला कार्बन. सिस रेणूत एक सममिती प्रतल आहे. ते सीएच२ मधून जातं आणि समोरच्या बाजूला बरोबर मध्यावर छेदतं, रेणूचे दोन अर्धे एकमेकांच्या प्रतिमा होतात. म्हणून सिस हा मेसो, त्याची आरशातली प्रतिमा तोच स्वतः. ट्रान्समध्ये असं प्रतल नाही. त्याची प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसत नाही, म्हणून ट्रान्स हे दोन वेगळे रेणू आहेत. विश्वास बसत नसेल तर काड्या आणि मातीचे गोळे घेऊन दोन्ही बनवाच. कागदावर तासभर वाद घालण्यापेक्षा ते लवकर पटतं.

१२ आणि १३ यांच्यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ट्रान्सच्या दोन प्रतिमांचा उत्कलनबिंदू एकच, घनता एकच, जीसीच्या (वायू क्रोमॅटोग्राफी: वाफ लांब नळीतून, म्हणजे स्तंभातून, पाठवून घटक वेगळे करणं) साध्या स्तंभावर त्या एकत्रच बाहेर येतात. साध्या ऊर्ध्वपातनाने किंवा साध्या जीसीने ज्यांच्यात फरक करता येऊ शकतो असे पदार्थ मोजले तर १२. रेणू म्हणून मोजले तर १३. पुस्तकात १२ दिसले तर ते चूक म्हणून खोडण्याआधी प्रश्नाची भाषा बघा. ‘रचना समघटक’ म्हटलं असेल तर १०. ‘अचक्रीय’ म्हटलं असेल तर ५, आणि त्यात त्रिमितीय धरायला सांगितलं असेल तर ६. ‘त्रिमितीय समघटकांसह एकूण’ असेल तर १३. मोघम प्रश्नाला मी विद्यार्थ्यांना सांगतो, दहा रचना काढा आणि त्याखाली तीन जादा का ते एका ओळीत लिहा. परीक्षकाला तुमचा विचार दिसतो आणि कुठल्याही उत्तरसूचीत गुण मिळतात.

एक गोष्ट मोजायची नाही: एकेरी बंधाभोवती फिरून आलेल्या ठेवणी. सायक्लोपेंटेनचं वलय सपाट नसतं, ते सतत थोडं दुमडत असतं. पण सामान्य तापमानाला त्या ठेवणी एकमेकींत इतक्या वेगाने बदलतात की बाटलीत वेगळ्या भरता येत नाहीत. त्यांना समघटक म्हणून यादीत घेऊ नका.

आता बाटली. इथे मोजणीचा उपयोग असा की संशयितांची यादी पूर्ण असते. यादी अपुरी असेल तर उत्तम उपकरणसुद्धा चुकीचं नाव देईल, कारण खरं नाव तुमच्या यादीतच नाही.

उत्कलनबिंदू घेऊन काम भागेल असं वाटतं. आकडे पाहा. ३-मिथिलब्यूट-१-ईन २० अंश सेल्सिअसला उकळतो आणि १,१-डायमिथिलसायक्लोप्रोपेन २०.६ ला. पेंट-१-ईन ३०, २-मिथिलब्यूट-१-ईन ३१. ट्रान्स-पेंट-२-ईन आणि मिथिलसायक्लोब्यूटेन दोघंही ३६ च्या थोडं वर, इथिलसायक्लोप्रोपेन त्यांच्याच शेजारी. सिस-पेंट-२-ईन आणि सिस-१,२-डायमिथिलसायक्लोप्रोपेन दोघंही ३७ च्या आसपास. २-मिथिलब्यूट-२-ईन ३८.५. उत्कलनबिंदूवरून निःसंशय ओळखू येतात ते दोनच: ४९ अंशांचा सायक्लोपेंटेन आणि २८ अंशांचा ट्रान्स-डायमिथिलसायक्लोप्रोपेन, आणि दुसऱ्याच्या बाबतीतही तुमचा थर्मामीटर चांगला आणि नमुना शुद्ध असेल तरच. हेच आकडे दुसरी गोष्टही सांगतात. यातले काही पदार्थ आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीतच उकळतील. बाटली बर्फात थंड केल्याशिवाय बूच काढू नका, आणि जवळपास ज्योत किंवा तापलेली प्लेट नको. बाटली ठेवायचा फ्रिजही ज्वालाग्राही द्रवांसाठी बनवलेलाच हवा. घरगुती फ्रिजच्या आतल्या स्विचची ठिणगी पुरेशी असते.

दुसरा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो: बाटलीत एकच पदार्थ आहे का? २-मिथिलब्यूटन-२-ऑलचं आम्लाने निर्जलीकरण केलं की २-मिथिलब्यूट-२-ईन जास्त मिळतो, पण त्यात २-मिथिलब्यूट-१-ईन मिसळलेला असतोच. मिश्रणावर केलेली प्रत्येक रासायनिक कसोटी दोघांचं मिळून उत्तर देते. म्हणून जीसी पहिलं. साध्या, अध्रुवी स्तंभावर हे साखळीवाले साधारण उत्कलनबिंदूच्या क्रमाने येतात: ३-मिथिलब्यूट-१-ईन, मग पेंट-१-ईन, २-मिथिलब्यूट-१-ईन, ट्रान्स-पेंट-२-ईन, सिस-पेंट-२-ईन, २-मिथिलब्यूट-२-ईन. सायक्लोपेंटेन बऱ्याच उशिरा. पेट्रोलच्या सविस्तर विश्लेषणात शंभर मीटर लांबीचा स्तंभ वापरतात तो अशाच जवळजवळच्या शिखरांसाठी. मात्र जीसीवरची वेळ जुळली म्हणजे ओळख पटली असं होत नाही. शुद्ध नमुना त्याच दिवशी, त्याच स्तंभावर शेजारी चालवून बघावा लागतो. वस्तुमान वर्णपटावर तर इथे फार विसंबू नका. सगळ्यांचा रेणुभार ७०, आणि तुटून निघणारे तुकडेही बरेचसे सारखे.

परीक्षानळीतल्या कसोट्यांकडे वळू. डायक्लोरोमिथेनमधलं ब्रोमीनचं द्रावण थेंबथेंब टाकलं की अल्कीनमध्ये तांबूस रंग पडताक्षणी नाहीसा होतो. सायक्लोपेंटेनमध्ये तो अंधारात तसाच राहतो. नळी उन्हात धरली तर हळूहळू फिकट होतो आणि तोंडाशी ओलसर हवेत हायड्रोजन ब्रोमाइडचा पांढरा धूर दिसतो, कारण तिथे बेरीज नाही, हायड्रोजनची अदलाबदल चालू असते. इथवर पुस्तकात असतं. पण सायक्लोप्रोपेनचं वलय ताणलेलं असतं. बेयर या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये या ताणाची कल्पना मांडली. असं वलय ब्रोमीनने उघडतं आणि रंग जातो, अल्कीनपेक्षा सावकाश का होईना. नुसत्या ब्रोमीनवर विसंबलात तर इथिलसायक्लोप्रोपेनला तुम्ही अल्कीन ठरवाल. म्हणून शेजारी दुसरी नळी हवी: थंड, विरळ, अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेट. अल्कीन असेल तर जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ बसतो. सायक्लोप्रोपेनमध्ये जांभळा तसाच राहतो. दोन नळ्या एकत्र वाचायच्या. दोन्हींत रंग गेला तर अल्कीन. ब्रोमीनमध्ये गेला आणि परमँगनेटमध्ये राहिला तर तिनांच्या वलयाचा दाट संशय. दोन्हींत राहिला तर सायक्लोपेंटेन किंवा मिथिलसायक्लोब्यूटेन. परमँगनेट घेताना नमुन्यात अल्कोहोल किंवा अल्डिहाइड उरलेलं नाही याची खात्री करा, ती अशुद्धीसुद्धा रंग घालवते.

अल्कीन ठरला की पुढे दोन पावलं. पॅलेडियमवर हायड्रोजन दिला तर दोन्ही पेंटीनपासून सरळ पेंटेन मिळतो, जो ३६ अंशांना उकळतो, आणि तिन्ही मिथिलब्यूटीनपासून आयसोपेंटेन, २८ अंशांचा. सांगाडा कळला. दुहेरी बंधाची जागा ओझोन सांगतो. त्याने दुहेरी बंध तिथेच तुटतो आणि दोन तुकड्यांच्या टोकांना ऑक्सिजन लागतो. झिंकने क्षपण करून घेतलं की:

पेंट-१-ईनपासून फॉर्माल्डिहाइड आणि ब्यूटॅनल. पेंट-२-ईनपासून ॲसिटाल्डिहाइड आणि प्रोपॅनल. २-मिथिलब्यूट-१-ईनपासून फॉर्माल्डिहाइड आणि ब्यूटॅनोन. ३-मिथिलब्यूट-१-ईनपासून फॉर्माल्डिहाइड आणि २-मिथिलप्रोपॅनल. २-मिथिलब्यूट-२-ईनपासून ॲसिटोन आणि ॲसिटाल्डिहाइड.

पाच अल्कीन, पाच वेगळ्या जोड्या. दोन तुकडे ओळखले की मधले ऑक्सिजन काढून ते परत जोडायचे, आणि रेणू समोर उभा राहतो. मला ही प्रक्रिया आजही शिकवायला आवडते, कारण इथे उत्तर ताडून पाहायचं नसतं, ते तुकड्यांतून सिद्ध होतं. पूर्वी हे तुकडे २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझोन करून वितळणबिंदूवरून ओळखत. त्यात एक खाच आहे: फॉर्माल्डिहाइडचा स्फटिक १६६ अंशांच्या आसपास वितळतो आणि ॲसिटाल्डिहाइडचा १६८ च्या. दोन अंशांवर निर्णय द्यायचा नसतो. माहीत असलेला नमुना त्यात मिसळून वितळणबिंदू खाली येतो का हे बघायचं. खाली आला तर पदार्थ वेगळे. ओझोन जोडला गेल्यावर मधे तयार होणारे ओझोनाइड स्फोटक असतात, त्यामुळे हा प्रयोग कमी तापमानाला, थोड्या मात्रेत आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. सिस आणि ट्रान्स पेंट-२-ईन मात्र ओझोनला सारखेच, दोघांचेही तेच तुकडे.

तिथे इन्फ्रारेड (अवरक्त) वर्णपट कामी येतो. पुढचे आकडे सेमी⁻¹ मध्ये. कार्बन-कार्बन दुहेरी बंधाच्या १६४० च्या पट्ट्याकडे सगळे बघतात, पण पेंट-२-ईनसारख्या जवळजवळ समतोल रेणूत तो इतका क्षीण असतो की दिसतच नाही. खरी माहिती खाली आहे, ६५० ते १००० च्या पट्ट्यात, जिथे दुहेरी बंधावरचे हायड्रोजन प्रतलाबाहेर डोलतात. ९१० आणि ९९० ला दोन ठळक पट्टे दिसले तर दुहेरी बंध टोकाला आणि त्याच्यावर एकच कार्बन-गट, म्हणजे पेंट-१-ईन किंवा ३-मिथिलब्यूट-१-ईन. ८९० ला एक ठळक पट्टा तर २-मिथिलब्यूट-१-ईन. ९६५ ला एक ठळक पट्टा तर ट्रान्स-पेंट-२-ईन. ७०० च्या आसपास रुंद, बसका पट्टा तर सिस. ८०० ते ८४० मध्ये मध्यम पट्टा तर २-मिथिलब्यूट-२-ईन.

प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनांचे संकेत घेणारं तंत्र, आकडे पीपीएममध्ये) हाताशी असेल तर आधी दुहेरी बंधावरचे हायड्रोजन मोजा. साधारण ४.५ ते ६ च्या भागात दहापैकी तीन आले तर पेंट-१-ईन किंवा ३-मिथिलब्यूट-१-ईन. दोन आले तर पेंट-२-ईन किंवा २-मिथिलब्यूट-१-ईन. एक आला तर २-मिथिलब्यूट-२-ईन. शून्य आले तर वलय. पहिल्या जोडीत एकच्या आसपास सहा हायड्रोजनांचा दुहेरी फाटलेला संकेत दिसला की ३-मिथिलब्यूट-१-ईन. वलयांत सायक्लोपेंटेनचे दहाही हायड्रोजन १.५ ला एकाच रेघेत येतात. तिनांच्या वलयाचे हायड्रोजन शून्याच्या अगदी जवळ सरकतात, इतके की नवखा माणूस त्यांना संदर्भ म्हणून घातलेल्या टीएमएसचीच गडबड समजतो.

कार्बन एनएमआरमध्ये नुसती रेघांची संख्याही बोलते: सायक्लोपेंटेनची एक, तिन्ही डायमिथिलसायक्लोप्रोपेनांच्या प्रत्येकी तीन, मिथिलसायक्लोब्यूटेन, इथिलसायक्लोप्रोपेन आणि ३-मिथिलब्यूट-१-ईन यांच्या चार, बाकी सगळ्यांच्या पाच. २-मिथिलब्यूट-२-ईनच्या चार रेघा येतील असं बहुतेक जण लिहितात, कारण एकाच कार्बनवरचे दोन मिथिल सारखे वाटतात. ते सारखे नाहीत. एक मिथिल दुसऱ्या टोकाच्या मिथिलच्या बाजूला आहे, दुसरा हायड्रोजनच्या बाजूला, आणि बंध फिरत नाही. म्हणून पाच. सिस आणि ट्रान्स पेंट-२-ईन दोघांच्याही पाच, पण दुहेरी बंधाला थेट जोडलेल्या मिथिलची रेघ सिसमध्ये १२-१३ ला आणि ट्रान्समध्ये १७-१८ ला पडते. सिस आणि ट्रान्स डायमिथिलसायक्लोप्रोपेन यांच्यात भेद करायला प्रोटॉनकडे परत या. सिसमध्ये वलयाच्या सीएच२ वरचा एक हायड्रोजन मिथिलांच्या बाजूला आणि दुसरा विरुद्ध बाजूला, म्हणून दोन वेगळे संकेत. ट्रान्समध्ये दोन्ही हायड्रोजनांचा शेजार सारखाच, म्हणून एक.

वेगळ्या जागा मोजून रचना ठरवायची ही पद्धत एनएमआरपेक्षा खूप जुनी आहे. १८७४ मध्येच कोर्नर या रसायनशास्त्रज्ञाने डायब्रोमोबेंझीनचे तीन समघटक असेच ओळखले. प्रत्येकात तिसरा गट घालून किती वेगळे पदार्थ मिळतात ते मोजलं. दोन मिळाले तर ऑर्थो, तीन तर मेटा, एकच तर पॅरा. पेंटेनांचीही तशीच परीक्षा होते: एक क्लोरीन घातला तर निओपेंटेनपासून एकच रचना, सरळ पेंटेनपासून तीन, आयसोपेंटेनपासून चार. उपकरण बदललं, प्रश्न तोच राहिला: या रेणूत खरोखर वेगळ्या जागा किती?

शेवटची जोडी उरते, ट्रान्स-डायमिथिलसायक्लोप्रोपेनच्या दोन प्रतिमा. वर सांगितलेली एकही कसोटी त्यांच्यात फरक करत नाही. त्यासाठी ध्रुवित प्रकाश किंवा स्वतः असममित असलेला जीसी स्तंभ लागतो. दोन्ही प्रतिमा सारख्या प्रमाणात मिसळलेल्या असतील तर ध्रुवणमापकावर शून्यच दिसतो, आणि त्या शून्यावरून नमुना सिस आहे की सममिश्रण हे ठरवता येत नाही. ते आधी एनएमआरने ठरवून मगच ध्रुवणमापकाकडे जायचं.

हे सगळे पदार्थ पुस्तकापुरते नाहीत. प्रयोगशाळेतल्या क्लोरोफॉर्मच्या कितीतरी बाटल्यांवर ‘अमायलीनने स्थिर केलेले’ असं लिहिलेलं असतं. ते अमायलीन म्हणजे बहुधा हाच २-मिथिलब्यूट-२-ईन. अशा क्लोरोफॉर्ममध्ये ब्रोमीनची कसोटी केलीत तर नमुना न टाकताही थोडा ब्रोमीन खाल्ला जातो, म्हणून नुसत्या द्रावकाची नळी शेजारी ठेवायची सवय लावून घ्या. सायक्लोपेंटेन फ्रिजच्या भिंतीतला फेस फुगवायला वापरतात. सूत्र एकच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सरावासाठी सी६एच१२ घ्या. वर सांगितल्याप्रमाणे आधी हेक्झेनचे पाच सांगाडे काढा आणि प्रत्येकातले वेगळे बंध मोजा. दुहेरी बंधवाले १३ आणि वलयवाले १२, मिळून २५ रचना समघटक आले पाहिजेत. १३ अल्कीनांतले चार सिस-ट्रान्समुळे दुप्पट होतात. मग ३-मिथिलपेंट-१-ईनपाशी थांबून त्याच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेले चार गट लिहा. पाच कार्बनांच्या एकाही अल्कीनमध्ये न दिसलेली गोष्ट तिथे दिसेल, आणि अल्कीनांचा आकडा १७ वरून १८ वर जाईल. वलयांच्या बारांपैकी त्रिमितीय मांडणीने कोणते वाढतात ते काढून पाठवलंत तर मी तपासून देईन.